मी सांगेपर्यंत

अर्जातला एक रकाना तेवढा भरायचा राहिला होता. दृष्टी जाण्याचं कारण. उमेश कोरेला हा रकाना काही नवा नव्हता. शाळेच्या दाखल्यापासून रेल्वेच्या सवलतीपर्यंत जिथे जिथे तो आला, तिथे तिथे त्याने लिहिणाऱ्याला एकच शब्द सांगितला होता. आनुवंशिक. या वेळीही तोच सांगितला. पण पुण्याच्या डॉक्टर रेगे बाईंनी पेन खाली ठेवलं, त्याच्या रक्ताचा अहवाल पुढे ओढला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमच्या जनुकांत डोळ्यांचा एकही दोष नाही, कोरे. तुमचा पडदा जळलेला आहे. कशाने जळला?"

शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको गिरिजा बसली होती. चोवीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिच्यादेखत कोणी विचारला नव्हता.

उमेशचं दुखणं चमत्कारिक होतं. तो आंधळा नव्हता. रस्त्याने एकटा चालायचा, जिना चढायचा, ताटात चटणी कुठे वाढली आहे ते त्याला कळायचं. पण ज्या गोष्टीकडे सरळ बघावं, नेमकी तीच नाहीशी व्हायची. नजरेच्या मधोमध एक डाग आणि डागाच्या कडेने उरलेलं जग. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानापलीकडे बघावं लागे, आणि तरीही तो ओल्या कागदावरच्या शाईसारखा पसरलेला दिसे. मुलगी बघायला गेला तेव्हा तो सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसला होता. गिरिजाला वाटलं, मुलगा फार लाजाळू आहे. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत त्याला काम मिळालं ते कानाच्या जोरावर. तंबोऱ्याच्या घोडीवर तार कशी टेकते त्यावर त्याचा आवाज मिटतो किंवा खुलतो. ती घोडी कणाकणाने घासून आवाज खुलवायचा, याला जवारी काढणं म्हणतात, आणि त्याला डोळे लागत नाहीत. गवई लांबून लांबून त्याच्याकडे येत.

डॉक्टरांकडे जे नवं आलं होतं, ती तीन मिलिमीटरची एक चकती होती. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध पीतबिंदू असतो. वाचणं, सुई ओवणं, चेहरा ओळखणं, माणसाची सगळी बारीक नजर त्या तिळाएवढ्या जागेत असते. उमेशच्या त्या जागेतल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेल्या होत्या, पण त्यांच्या मागे मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी अजून जिवंत होत्या. म्हणजे टपालपेटी जळाली होती, पण पोस्टमन रोज येऊन रिकाम्या हाताने परत जात होता. चकती ही नवी पेटी. तिच्यावर प्रकाश पडला की तिच्यातले हजारो कण विजेचे अगदी बारीक ठोके देत आणि मागच्या पेशी ते मेंदूपर्यंत पोचवत. तिला बॅटरी नाही, तार नाही. प्रकाश हीच तिची वीज. आनुवंशिक रोगात मात्र या मागच्या पेशीही हळूहळू मरत जातात, म्हणून तसल्या रोग्यांना चकती बसवत नसत. भाजलेल्यांना बसवत. डोळे हवे असतील तर खरं सांगणं भाग होतं.

उमेशने सांगितलं. तोंड डॉक्टरांकडे होतं, सांगत होता गिरिजाला.

त्याचे वडील शिवलिंग कोरे, घरचे अण्णा आणि गावाचे कोरे सर, मिरजेजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. ग्रहण आलं की गावात दरवेळी तंटा. बायका पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकत, गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत बसवत, आणि सर चौकात खुर्ची टाकून सगळ्यांदेखत भजी खात. १९९५च्या दिवाळीत खग्रास सूर्यग्रहण उत्तरेतून जाणार होतं. सर अकरा मुलं घेऊन आग्र्याकडे निघाले, बारावा उमेश. आई म्हणाली होती, सणासुदीचं पोराला नेऊ नका. सर हसले होते. तिथे त्यांनी अकरा जणांना काळे चष्मे वाटले आणि उमेशच्या हातात शाळेची एकुलती एक, दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण दिली. एरवी शाळेत स्वतःच्या मुलाला कधी पहिल्या बाकावर न बसवणाऱ्या माणसाने तेवढा एकदाच आपपरभाव केला. सूर्य पूर्ण झाकला की मगच दुर्बीण लावायची. काळोख मिनिटभरसुद्धा टिकणार नव्हता. सूर्याचा कण जरी बाहेर आला तरी भिंगातून तो डोळा जाळणार, म्हणून सर सेकंद मोजणार होते आणि वेळेआधी सांगणार होते.

"मी सांगेपर्यंत डोळे काढू नकोस," ते म्हणाले होते.

आणि मग, सर जे आयुष्यभर फळ्यावर खडूने काढत आले होते, ते खरोखर आकाशात उभं राहिलं, आणि सर मोजायचं विसरले. मुलगा आज्ञाधारक होता. वडिलांनी सांगितलं नाही, म्हणून त्याने डोळे काढले नाहीत. काळ्या तबकडीच्या कडेला पांढराशुभ्र एक थेंब उगवला. त्याने आयुष्यात स्वच्छ पाहिलेली ती शेवटची गोष्ट. थेंब फुटून सगळं पांढरं झालं तेव्हा त्याने दुर्बीण टाकली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाकीचे अकरा जण आकाशात गुंग होते, त्यांना काही कळलं नाही.

गावात लोक काय म्हणतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. ग्रहण बघितलं आणि पोराचे डोळे गेले. भजी खाणारा माणूस तोंडघशी पडणार आणि पुढे कित्येक वर्षं गावातली प्रत्येक गरोदर बाई आणखी घट्ट कोंडली जाणार. म्हणून सरांनी सांगून टाकलं की माझ्याच आजोळी हा रोग आहे. उमेशला जवळ घेऊन म्हणाले, हे आपल्या दोघांत राहू दे, तुझ्यामुळे अंधश्रद्धा जिंकायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ अडतीस वर्षं झाकलेली राहिली. उमेशची आईसुद्धा खरं न कळताच गेली.

गिरिजा परतीच्या बसमध्ये कराड मागे पडलं तेव्हा बोलली. अन्विता झाल्यापासून तिने दर सहा महिन्यांनी मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. पोर जराशी डोळे चोळू लागली की ही तिला उजेडात नेऊन पापण्या उघडून बघे. दुसरं मूल तिनेच नको म्हटलं होतं. घराण्यात हे आहे तर आणखी एका जिवाला कशाला त्यात ओढा. तेव्हा उमेशने एक शब्द बोलायचा होता. तो मूग गिळून बसला होता.

"तुमच्या अण्णांचं एक सोडून देईन," ती म्हणाली. "त्यांनी तुम्हाला गप्प बसवलं तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे होता. मला सांगायचं नाही, हे तुम्ही सव्वीसाव्या वर्षी ठरवलंत. माझं एक मूल यायचं राहिलं, ते कुणाच्या नावावर टाकू?"

उमेशने तिच्याकडे सरळ तोंड केलं, आणि डागात ती नाहीशी झाली.

शस्त्रक्रिया झाली. चकती बसली म्हणजे लगेच दिसतं असं नव्हे. मेंदूला ती नवी भाषा शिकवावी लागते. सहा आठवडे उमेश भिंतीवरच्या रेघांकडे बघत बसला. मग एके सकाळी डागाच्या जागी करड्या रंगात काहीतरी जुळून आलं, आणि तो गिरिजाचा चेहरा होता. त्यावर राग होता. तोही त्याने डोळे भरून पाहिला. अन्विता बंगळूरहून आली, तिच्या हनुवटीवर बारीक तीळ आहे हे त्याला तिच्या तेविसाव्या वर्षी कळलं आणि तो माजघरात जाऊन रडला.

अण्णा मात्र समोर येईनात. ऐंशीला टेकलेले कोरे सर दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसत, जेवताना पाटाची दिशा बदलत, उमेश खोलीत आला की वर्तमानपत्र उघडत. आजवर मुलाला चेहरा दिसत नसे म्हणून बापाला त्याच्यासमोर बसता येई. आता मुलाला दिसू लागलं होतं. गिरिजा त्यांना वेळेवर ताट देई, गोळ्या देई, पण बोलणं बंद. सांगायचंच झालं तर ती भिंतीला सांगे. चहा झालाय. पाणी तापलंय. घरात तिघं माणसं आणि त्यात एक भिंत, असा संसार सहा-सात महिने चालला.

त्यात मार्च २०३४चं ग्रहण आलं. फाल्गुनातल्या अमावस्येला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, खग्रास सूर्यग्रहणाची सावली कारगिलच्या डोंगरांवरून जाणार होती. सांगली-कोल्हापूरकडची चाळीस माणसं निघाली होती. उमेशने दोन नावं घातली, स्वतःचं आणि अण्णांचं.

डॉक्टर रेगे बाईंनी कपाळाला हात लावला. चकतीला एकच वैरी होता, सूर्य. डोळ्यातलं भिंग सूर्य नेमका तिच्यावरच एकवटतं. दोन सेकंद पुरे; चकती वितळेल आणि मागच्या पेशींनाही सोबत नेईल. मग पुन्हा बसवायला जागाच उरणार नाही. म्हणून तर या रोग्यांना झडपेचा चष्मा देत. मान सूर्याच्या दिशेला वळली की त्याच्या काचा काळ्याकुट्ट होत. पण त्या यंत्राला फक्त दिशा कळते. सूर्य उघडा आहे की झाकलेला, ते कळत नाही. खग्रास बघायचं तर चष्मा काढावा लागणार. पूर्ण झाकलेल्या सूर्याभोवतीचं तेज पौर्णिमेच्या चंद्राइतकंच असतं, त्याने काही बिघडत नाही, असं बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. बिघडेल ते त्यानंतरच्या दोन सेकंदांत. "माझा भाऊ असता तर मी जाऊ दिलं नसतं," त्या म्हणाल्या.

घरी उमेशने सांगितलं की सेकंद अण्णा मोजतील. गिरिजाच्या हातातलं लाटणं थांबलं. फोन मोजतो, उपग्रहावरून मोजतो, सेकंदाचा दहावा भाग चुकत नाही, मग हे कशाला, असं तिने भिंतीला नव्हे, सरळ उमेशला विचारलं. गेलेले डोळे परत मिळालेत, ते पुन्हा त्याच हातात देताय?

अण्णाही वर्तमानपत्रामागून तेच म्हणाले. "सकाळची गोळी घेतली का नाही ते मला दुपारी आठवत नाही, उमेश. माझ्यावर विसंबू नकोस रे."

"त्या दिवशीचा तुमचा एक शब्द राहिलाय, अण्णा," उमेश म्हणाला. "तो फोनकडून ऐकून मी काय करू?"

गिरिजाने पोळी उलटली, ती करपली होती. मग म्हणाली की मीही येणार. डोळे तुमचे असतील, पण त्यांना आता मीही दिसते.

त्या दिवसापासून अण्णांचा सराव सुरू झाला. संध्याकाळी सोप्यात घड्याळासमोर बसून ते विद्यार्थ्यांना शिकवलेल्या जुन्या पद्धतीने सेकंद मोजत. एक हजार एक, एक हजार दोन. ग्रहण सव्वादोन मिनिटांचं, म्हणजे एकशे पस्तीस सेकंदांचं. पंधरा सेकंद हातचे राखायचे आणि एकशे विसाला सांगायचं. काही दिवस नीट जमे. काही दिवस सत्तरावर गाडी अडे आणि ते पुन्हा एकपासून सुरू करत. एका संध्याकाळी ते एक हजार त्र्याऐंशीवर थबकले, पुढचं काही केल्या सापडेना. घड्याळ टकटकत राहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून, भिंतीला सांगितल्यासारखा आवाज आला, "एक हजार चौऱ्याऐंशी." अण्णांनी पुढे मोजलं.

कारगिलच्या अलीकडच्या त्या पठारावर गुडघाभर बर्फ बाजूला सारून जागा केली होती. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. दुपार कलली तसा सूर्य पश्चिमेच्या कड्याकडे उतरू लागला आणि त्याच्या कडेचा पहिला लचका गेला. सहल नेणाऱ्याने सगळ्यांना गोळा केलं, चष्मे तपासले, आणि आपल्यात एक जुने विज्ञानशिक्षक आहेत, त्यांनी दोन शब्द सांगावेत असं म्हणाला. हे ठरलेलं नव्हतं. अण्णा उठले. पातळ हवेने त्यांना धाप लागली होती. चंद्र, सूर्य, सावली हे त्यांनी दोन वाक्यांत उरकलं आणि मग हाताने उमेशकडे खूण केली.

"हा माझा मुलगा. याचे डोळे ग्रहणाने गेले नाहीत. मी मोजायचं विसरलो म्हणून गेले." ते थांबले, श्वास घेतला. "मी गावाला सांगितलं, रोग आहे. मला वाटत होतं मी विज्ञान वाचवतोय. मी माझं नाक वाचवलं. विज्ञानाला चूक कबूल केल्याने काही होत नसतं, हे मी मुलांना तीस वर्षं शिकवलं आणि स्वतः शिकलो नाही. त्या खोट्यापायी माझ्या सुनेचं जे गेलं, ते माझ्याच्याने भरून येणार नाही." त्यांनी गिरिजाच्या दिशेने हात जोडले. गिरिजा डोंगराकडे बघत राहिली, पण तिचा हात पदराकडे गेलेला उमेशने पाहिला. आता त्याला अशा गोष्टी दिसत होत्या.

उजेड बदलू लागला. तो कमी होत नव्हता, त्याची जात बदलत होती. नव्या कल्हईच्या भांड्यासारखा बर्फ थंड चमकू लागला, सावल्यांच्या कडा सुरीसारख्या झाल्या, कुठेतरी खालच्या वस्तीत गुरं हंबरली. अण्णा उमेशसमोर येऊन उभे राहिले, सूर्याकडे पाठ करून, मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे लावून. त्यांच्या खांद्यावरून उमेशला पश्चिम दिसायची होती. गिरिजा शेजारी काळा चष्मा लावून उभी होती, कोटाच्या खिशात फोन घट्ट धरून. पश्चिमेच्या शिखरांवरून सावली धावत आली, आवाज न करता, आणि पठार गिळून पुढे गेली.

"गेला," गिरिजा म्हणाली.

"चष्मा काढ," अण्णा म्हणाले. "एक हजार एक."

उमेशने चष्मा काढला आणि सरळ बघितलं. आयुष्यभर जिथे डाग होता, तिथेच, मधोमध, तो काळा सूर्य उभा होता, आणि भोवती पांढरे, रेशमासारखे तंतू लांबवर गेलेले. एका बाजूला शुक्र लखलखत होता. बारा वर्षांच्या मुलाने जे पाहिलं होतं ते तसंच होतं, तिथेच थांबलं होतं, जणू कोणी मधल्या अडतीस वर्षांत त्याला हात लावला नव्हता. त्याला भीती वाटली, आणि भीतीच्या आतून आनंद उसळला.

"एक हजार बेचाळीस. एक हजार त्रेचाळीस."

त्याने नजर खाली आणली. समोर हातभर अंतरावर अण्णांचा चेहरा होता, त्या चांदीच्या उजेडात, पहिल्यांदाच सरळ आणि जवळून. पांढऱ्या भुवया, कोरडे ओठ, घड्याळावर खिळलेले डोळे. शिक्षा झालेल्या मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं करावं, तसा हा माणूस आकाशाकडे पाठ करून उभा होता.

"अण्णा, वळा. बघा की."

अण्णांनी मान हलवली. "एक हजार एकावन्न. मोजणाऱ्यानं बघायचं नसतं. एक हजार त्रेपन्न."

तेव्हा गिरिजा पुढे झाली. चष्मा तिने कपाळावर सरकवला होता. तिने सासऱ्यांच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि म्हाताऱ्याला हळूच वळवलं, पश्चिमेकडे. आणि मोजणी हातात घेतली. "एक हजार सत्तावन्न. एक हजार अठ्ठावन्न." अण्णांची मान वर झाली. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज आला, पहिल्यांदा शाळेत सोडलेल्या पोराच्या तोंडून येतो तसा.

उमेशनेही पुन्हा वर पाहिलं. बाप आणि मुलगा शेजारी शेजारी उभे होते, आणि अंक गिरिजाच्या तोंडून पडत होते. शंभर झाले. एकशे दहा झाले. उमेशने मनाशी ठरवलेलं होतं. एकशे वीस हा अंक आहे, शब्द नव्हे. अण्णा सांगेपर्यंत डोळे काढायचे नाहीत.

"एक हजार एकशे वीस," गिरिजा म्हणाली.

अण्णांची मान वरच होती.

"एकशे एकवीस." तिने अण्णांकडे पाहिलं. "एकशे बावीस." ती स्वतः सांगू शकली असती. उमेशची मान धरून खाली वाकवू शकली असती. तो शब्द कुणाचा आहे हे तिला ठाऊक होतं. "एकशे तेवीस. एकशे चोवीस." तबकडीच्या खालच्या कडेला गुलाबी रेघ उजळू लागली. उमेशने ती जागा ओळखली. तिथूनच थेंब उगवतो. अण्णा आकाशात हरवले होते, पुन्हा एकदा, ऐंशीव्या वर्षी. "एकशे पंचवीस," गिरिजा म्हणाली.

डोळ्यांवर हात आला. बर्फासारखा गार, खडूने आयुष्यभर कोरडा पडलेला.

"उमेश. काढ डोळे."

त्याने पापण्या मिटल्या. अण्णांनी दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवून त्याला पूर्वेकडे वळवलं, आणि मगच, दोन-चार श्वासांनंतर, भोवती चाळीस माणसांचा एकच गलका उठला. बोटांच्या फटींतून तांबडा उजेड आत आला. पाठीवर ऊन पडल्याचं कळलं. हात मात्र निघाला नाही.

"बघितलं मी," अण्णा त्याच्या कानाशी म्हणत होते. "बघत होतो तरी विसरलो नाही. या वेळी विसरलो नाही रे."

लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, कोणीतरी पेढ्यांचा पुडा फोडला होता. अण्णांचा हात तसाच होता. उमेशनेही तो हलवला नाही. बराच वेळ गेल्यावर गिरिजाने झडपेचा चष्मा त्या बोटांखालून सरकवून त्याच्या नाकावर नीट बसवला.

"अण्णा," ती म्हणाली. सात महिन्यांत पहिल्यांदा. "हात काढा आता. त्यांना बघू दे तुमच्याकडे."

अण्णांनी हात काढला. उमेशने सरळ बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते, नाक लाल झालं होतं, आणि त्यांनी तोंड फिरवलं नाही.